रुमालाखालचा हात

सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो आणि माझा तास असतो शनिवारी सकाळी. त्यामुळं आठवीतली निम्मी पोरं मनानं बाजारातच असतात. कुणाच्या घरची शेळी जायची असते, कुणाचं खोंड. बँकेच्या संगणक विभागात सत्तावीस वर्षं काढून मी गावाकडं परतलो, तेव्हा हेडमास्तरांनी विचारलं, "ते सायबर सुरक्षा का काय, पोरांना शिकवाल का?" मी हो म्हणालो, आणि पहिल्याच तासाला फळ्यावर तीन शब्द लिहिले: गोपनीयता, एकात्मता, उपलब्धता. बँकेतल्या प्रशिक्षणाची सुरुवात अशीच व्हायची. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, हे नागरिकशास्त्र हाय का?"

फळा पुसला.

पुढच्या शनिवारी घरातली प्रवासाची बॅग नेली. तिला तीन आकड्यांचं कुलूप. ००० ते ९९९, म्हणजे एक हजार शक्यता. एकेका आकड्याला दोन सेकंद धरले तरी पाऊण तासात बॅग उघडणारच. पोरांनी पाळ्या लावून चाकं फिरवायला घेतली. मी इकडं फळ्यावर गणित मांडत होतो: तीनाचे सहा आकडे केले की शक्यता दहा लाख, त्याच वेगानं रात्रंदिवस बसलं तरी तेवीस दिवस. माझं गणित रंगात आलेलं असताना पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, पुण्यात तुम्ही कितव्या मजल्यावर राहायचा?" तिसऱ्या, मी म्हणालो. "मग फ्लॅटचा नंबर?" तीनशेचार. ती शांतपणे उठली, पोरांच्या हातातून बॅग घेतली आणि उघडली.

त्या दिवशी तास मी घेतला नाही, तिनं घेतला. चाकं फिरवत बसणारा चोर विरळाच; बहुतेक जण विचारतात, आणि आपण सांगतो. हे मी बँकेत कित्येकदा बोललो होतो, पण स्वतः फसलो नव्हतो तोवर ते नुसतं बोलणंच होतं.

रुमालाची गोष्ट त्यानंतरची. भर बाजारात, शंभर माणसं बघत असताना, दोघांत भाव कसा गुपित राहतो हे मला समजावायचं होतं. म्हणजे मोबाइलवरून जाणारा संदेश वाटेत कुणालाही पकडता येतो, तरी त्याला तो वाचता का येत नाही, हे. एक मुलगा म्हणाला, "आमचं आजोबा रुमालाखाली करत्यात की." आजोबा जुने हेडे, जनावरांचे सौदे करणारे. पुढच्या शनिवारी त्यांनाच बोलावलं. फेटा सारखा करत ते वर्गात आले, खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी बोटं धरली. किती बोटं धरली त्यावर आकडा. शेकड्यातला की हजारातला, ते बैलाकडं बघूनच कळतं. पोरं माना लांब करून बघत होती, पण कुणाला काही कळलं नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नाही. आजोबा म्हणाले, "मास्तर, तुम्ही तर सौद्यात बुडाला."

वर्ग हसला. मग त्यांच्या नातवानंच विचारलं, "आजोबा, रुमालाखाली कुणाला फसीवलंय का?"

आजोबांनी टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि चहाची चौकशी केली.

मला जे शिकवायचं होतं ते एवढ्यात आलं होतं, पण मी ते लगेच ओळखलं नाही. मी रंगांकडं गेलो. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी एक युक्ती मांडली: पूर्वी कधी न भेटलेल्या दोन माणसांना उघड्यावर बोलून दोघांपुरतं गुपित ठरवता येतं. खरी युक्ती आकड्यांची आहे, पण ती रंगांनी दाखवायची पद्धत आहे. दोघांकडं एकच पिवळा रंग. दोघांनी आपापला गुप्त रंग त्यात मिसळायचा, बाटल्यांची अदलाबदल करायची आणि आलेल्या बाटलीत आपला गुप्त रंग पुन्हा घालायचा. दोन्हीकडं शेवटी एकच रंग तयार होतो, आणि मधे नुसतं बघणाऱ्याला तो करता येत नाही. पुस्तकातल्या चित्रात हे फार सुंदर दिसतं. वर्गात पोस्टर कलरनं केलं की सगळ्यांचाच शेणकाला होतो. तरी पोरांना पटलं.

बाकांच्या दोन रांगांमधे बाटल्या पोचवायचं काम मी एका उचापती पोराला दिलं होतं, गप्प बसावा म्हणून. त्यानं काय केलं, तर दोन्हीकडच्या बाटल्या स्वतःकडंच ठेवल्या, आणि पिवळ्यात आपल्या खिशातला जांभळा मिसळून तीच बाटली दोन्हीकडं दिली. शेवटी या रांगेशी त्याचं एक गुपित, त्या रांगेशी दुसरं. दोन्ही रांगांना वाटत होतं की आपण एकमेकींशी बोलतोय. डिफी-हेलमनच्या युक्तीतली खरी उणीव नेमकी हीच आहे, आणि ती त्याला कुणी शिकवली नव्हती. मी त्याला रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं.

रुमाल एवढंच सांगतो की बाहेरच्यानं ऐकलं नाही. आतला हात कुणाचा, तो खरा की खोटा, हे रुमालाला माहीत नसतं. त्यासाठी वेबसाइटची प्रमाणपत्रं आली. बाजार समितीच्या पावतीसारखं ते समजावं: पावतीवर मालकाचं नाव असतं, बैल मारका आहे का ते नसतं. ब्राउझरच्या पट्टीत दिसणाऱ्या छोट्या कुलपाचाही अर्थ तेवढाच. फसवणाऱ्याच्या साइटलाही कुलूप असतं. लोक त्याचा अर्थ 'भरवशाची जागा' असा घेतात, म्हणून गुगलनं २०२३ साली क्रोममधलं ते चिन्हच बदललं. आणि मी? बँकेत असताना ग्राहकांसाठी छापलेल्या पत्रकात 'कुलूप दिसले तरच व्यवहार करा' ही ओळ माझीच होती. ती पत्रकं अजून कुणाच्या तरी पासबुकात घडी करून ठेवलेली असतील.

यूपीआयचं मात्र एका वाक्यात उरकतो: पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅन करावा लागत नाही. एका पोराच्या चुलत्यानं कडबा विकायला काढला होता. फोनवरच्या गिऱ्हाइकानं 'पैसे पाठवतो, हा स्कॅन करा' म्हणून आठ हजार उलटे काढून नेले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर वर्गात सगळ्यांना पाठ आहे. फसल्यावर फोन लगेच करायचा, पैसे पुढं सरकायच्या आत, हेही. लाजेत दोन दिवस घालवले की हाती काही राहत नाही.

अडलो ते वेगळ्याच जागी. 'पिन कुणालाही सांगायचा नाही' असं म्हटलं की वर्ग गप्प होतो. यातल्या कित्येकांच्या आयांना अक्षरओळख नाही. फोन आईचा, खातं आईचं, पण पिन टाकते मुलगी. घरातला सगळा डिजिटल व्यवहार तेरा वर्षांच्या बोटांवर चाललेला असतो, आणि मी त्यांना सांगणार की आईनं तुलाही पिन सांगायला नको होता! पुस्तकातला नियम या घरांसाठी लिहिलेलाच नाही. मी तो नियम पुन्हा उच्चारला नाही, आणि त्याच्या जागी काय सांगावं तेही मला सुचलं नव्हतं.

बॅग उघडणाऱ्या मुलीला सुचलं. तिनं आईला आकडे शिकवलेच नाहीत. मोबाइलवरचे आकडे म्हणजे रांगोळीचे ठिपके, हे वर, हे मधलं, हे खाली. तू तुझी रेघ ठरव आणि ठिपके त्याच क्रमानं दाब. जुना पिन मुलीनं टाकला, नवा आईनं, दोनदा.

परवा किराणा दुकानात दोघी भेटल्या. दुकानदारानं क्यूआरची पाटी पुढं सरकवली. मुलीनं स्कॅन केलं, रक्कम टाकली आणि फोन आईकडं दिला. आईनं पदर पुढं ओढून फोनवर धरला, मुलीकडं बघितलं आणि म्हणाली, "तिकडं बघ की."

मुलगी साबणाच्या वड्या मोजायला लागली. मीही.