शनिवारचा ताप

गणपतीला गावी गेलो, की आमच्याकडे एक तरी बाप आपल्या पोराला घेऊन येतोच. "आयटीआय झालंय बघा, वेल्डर ट्रेड. तिकडं दुबईला कुठंतरी चिकटवा की, भाऊ." आमच्या गडहिंग्लज भागात दुबई म्हणजे शारजा, अबुधाबी, मस्कत, कतार सगळंच आलं. आम्हीही पूर्वी बायोडाटा खिशात घालायचो आणि "बघतो" म्हणायचो. यंदा मात्र आमच्या तोंडून भलताच प्रश्न गेला, "याला न्यूमोनियाची लस दिली आहे का?" बापाने आमच्याकडे असं पाहिलं, की वाळवंटातल्या उन्हाने भाऊंच्या डोक्यावर अखेर परिणाम केलाच!

हा प्रश्न आमच्या डोक्यात यायला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं लागली, त्याची ही हकीकत.

१९९६ साली आम्ही शारजातल्या एका फॅब्रिकेशन यार्डात सुपरवायझर होतो. टाक्या, जिने, कठडे, पाइपांचे सांगाडे असं काम. तेव्हा कामगारांना सुट्टी फक्त शुक्रवारची. शनिवारी कामावर आलेले दोन-तीन वेल्डर संध्याकाळी कॅम्पवर हुडहुडी भरून पडायचे. अंग मोडून यायचं, घसा कोरडा, तोंडात पैसा चघळल्यासारखी चव. रविवारी सकाळी घाम येऊन मोकळे. पुन्हा आठवडाभर काही नाही. आम्ही त्याला 'शनिवारचा ताप' म्हणत असू. जी.आय. पाइपाचं, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचं काम आलं, की हा ताप हटकून यायचा. उपाय ठरलेला: लिटरभर दूध प्या आणि झोपा. कोल्हापूरकडची पोरं वर गुळाचा खडा चघळायची.

पुढे कळलं, की इंग्रजी मुलखात याच तापाला सोमवारचा ताप म्हणतात, कारण त्यांची सुट्टी रविवारी. जस्ताचा धूर छातीत गेला, की चार ते दहा तासांनी थंडी वाजते. रोज धूर घेतला तर शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं, आणि एक दिवस सुट्टी झाली की तो सराव मोडतो. म्हणून सुट्टीनंतरचा पहिला दिवस वाईट. अमिरातीत २०२२ पासून सरकारी आठवडी सुट्टी शनिवार-रविवार झाली आहे, तेव्हा इथलाही ताप आता सोमवारवर सरकायला हरकत नाही.

गंमत अशी, की हा ताप जंतूंचा नव्हेच. १९९० च्या सुमारास अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनी जस्ताचा धूर घेतलेल्या माणसांची फुप्फुसं आतून धुऊन ते पाणी तपासलं. त्यात पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली, आणि फ्लूमध्ये शरीर जी धोक्याची रसायनं सोडतं तसलीच रसायनं सापडली. म्हणजे शत्रू नसताना शरीराने वाजवलेली घंटा. लांडगा आला रे आला! आणि त्या गोष्टीत शेवटी काय होतं, ते आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे.

त्या वर्षी नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातला एक बावीस वर्षांचा मुलगा शनिवारी तापाने पडला. आम्ही दूध पाठवलं. रविवारी ताप उतरला नाही. सोमवारी तो तसाच कामावर आला, कारण न आल्यास रोज कापला जाणार. आणि डॉक्टरकडे जायची त्याला त्याहून मोठी धास्ती होती. व्हिसाच्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे काढतात, टीबी आहे का पाहायला. खोकल्याची तक्रार केली, एक्स-रेत डाग दिसला आणि घरी पाठवलं तर? एजंटाचं कर्ज अजून फिटलेलं नव्हतं. मंगळवारी तो म्हणाला, "भाऊ, थुंकी गंजासारखी तांबडी येतीया." यावर आम्ही काय म्हणालो असू? "लोखंडाचा धूर आहे, बाहेर पडतोय. बरंच झालं."

हे वाक्य लिहितानाही हात थांबतो. गंजासारखी थुंकी ही फुप्फुसाच्या न्यूमोनियाची पाठ्यपुस्तकातली खूण आहे, हे आम्हाला बुधवारी पहाटे इस्पितळात कळलं. तेव्हा तो धापा टाकत होता, ओठ निळे पडले होते आणि एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढराफटक दिसत होता. मल्याळी डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "हा काम काय करतो?" तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझिनी नावाच्या वैद्याने आपल्या जातभाईंना सांगून ठेवलं होतं, की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आम्हाला तर विचारायचीही गरज नव्हती, त्याच्या कामाचं वेळापत्रक आम्हीच लावत होतो!

मुलगा वाचला. तीन आठवडे इस्पितळात काढून गावी गेला, तो परत आला नाही. आता ऊस बघतो. भेटला की आमच्याशी नीट बोलतो, हेच जड जातं.

नंतर वाचत गेलो तसं आणखी जड झालं. हे सगळं १९९४ सालीच 'लॅन्सेट' या डॉक्टरी साप्ताहिकात छापून आलं होतं. इंग्लंड-वेल्समधल्या मृत्यूच्या नोंदी कित्येक दशकांच्या तपासल्या, तेव्हा कामाच्या वयातले वेल्डर इतरांपेक्षा न्यूमोनियाने जास्त मरताना दिसले. निवृत्तीच्या वयानंतर मात्र हा फरक उरत नाही. म्हणजे धूर थांबला, की शरीर बरंचसं सावरतं. धोका आहे तो हातात होल्डर असेपर्यंत.

असं का होतं? आर्कच्या उष्णतेत धातूची वाफ होते आणि लगेच गोठून तिचे इतके बारीक कण होतात, की नाकातले केस, घशातला कफ यांना चुकवून ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. तिथे जंतू गिळणाऱ्या पेशी पहाऱ्यावर असतात. वॉचमनला दिवसभर गोदामातला भुसा झाडायला लावला, तर चोराकडे बघणार कोण? लोखंडाच्या कणांनी पोट भरलेल्या या पेशींचं तसंच होतं. त्यात लोखंड हे जंतूंचंही खाद्य. शिवाय २०१६ साली लंडनच्या संशोधकांनी दाखवलं, की या धुराने श्वासमार्गाच्या पेशींवर एक प्रकारच्या खुंट्या वाढतात, आणि न्युमोकॉकस हा न्यूमोनियाचा जंतू नेमका त्याच खुंटीला लटकतो. स्टेनलेस स्टीलच्या धुरात क्रोमियम असतं, ते आणखी वाईट. तो धूर दिलेल्या उंदरांच्या फुप्फुसातून जंतू लवकर हटत नाहीत.

आता यात कॅम्पची खोली मिळवा. एका खोलीत आठ-दहा जण, दुमजली खाटा, बंद खिडकी, एकच ए.सी. जंतूला आणखी काय हवं? परमुलखात कामाला आलेला तरुण आणि न्यूमोनिया ही जोडी जुनीच आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत दूरदूरचे मजूर याने इतके मरत, की १९११ साली तिथे या रोगाच्या लशीची पहिली मोठी चाचणी झाली. अलीकडे २०१५ मध्ये बेलफास्टच्या आणि २०१९ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कूच्या जहाज बांधणीच्या कामगारांत याची साथच आली. ब्रिटनच्या सरकारी लसीकरण पुस्तिकेत आज धातूच्या धुरात सतत काम करणाऱ्यांसाठी न्युमोकॉकसची लस सांगितली आहे. कर्करोगाचं प्रकरण वेगळंच; २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग नक्की करणाऱ्यांत टाकला.

आमच्या दुधाचं काय? काही नाही. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. गुळाची बाजू थोडी बरी म्हणायची: लखनौच्या शास्त्रज्ञांनी १९९४ साली उंदरांवर प्रयोग करून गुळाने फुप्फुसातली धूळ लवकर हलते असं छापलं होतं. पण गूळ खाऊन धूर ओढत बसा, असं त्यांनी म्हटलेलं नाही!

एक गोष्ट मनातून जात नाही. टाकीच्या आत मिगचं वेल्डिंग चालू असलं, की आम्ही पंखा बंद करायला लावायचो. वाऱ्याने गॅस उडतो, सांध्यात बारीक भोकं राहतात, आणि सांध्याचा एक्स-रे नापास होतो. त्या फिल्म आम्ही दिव्यावर धरून एकेक इंच तपासत होतो. आत बसलेल्या माणसाच्या छातीची फिल्म व्हिसा नवा करताना निघायची, तीही आम्ही कधी पाहिली नाही. धूर तोंडाजवळच ओढून घेणारी नळी तेव्हाही बाजारात मिळत होती. आम्ही ती कधी मागितलीच नाही.

यंदाच्या त्या मुलाला आम्ही तालुक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते म्हणाले, "ही लस आम्ही सहसा म्हाताऱ्यांना देतो. कोल्हापूरहून मागवावी लागेल." मागवली. परत येताना मुलगा गाडीत गप्प होता. मग त्याने विचारलं, "काका, जी.आय.चा मुलामा आधी ग्राइंडरने घासून काढला, तर ताप येत नाही काय?"

आम्ही म्हणालो, घासून काढायचाच, सांध्याच्या दोन्ही अंगांना. आणि घासताना पण मास्क लावायचा. शिवाय ताप दोन दिवसांत उतरला नाही, तर कोणा सुपरवायझरचं ऐकू नकोस. दवाखान्यात जा, आणि डॉक्टरला आधी सांग की वेल्डर आहे.

घरी पोचलो तर त्याच्या आईने आमच्यासाठी गुळाची ढेप बांधून ठेवली होती.