मताधिकार मिळण्यापूर्वीचं राजकारण

अमेरिकी निवडणुकांचा अभ्यास करणाऱ्याला लोक विचारतात ते अध्यक्षपदाच्या लढतींबद्दल. केनेडी कसे जिंकले, निक्सन का पडले, ओबामांचं गणित काय होतं. माझा जीव मात्र वर्षानुवर्षं एका लहानशा निवडणुकीत गुंतला आहे. साल १९५६. दक्षिण कॅलिफोर्नियातला २९वा मतदारसंघ, म्हणजे रिव्हरसाइड आणि इम्पीरियल हे दोन जिल्हे. जागा प्रतिनिधिगृहाची, म्हणजे आपल्या लोकसभेसारख्या खालच्या सभागृहाची. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवार होत्या जॅकलिन कॉक्रन. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने विमान उडवणारी जगातली पहिली स्त्री, दुसऱ्या महायुद्धातल्या महिला वैमानिक दलाच्या प्रमुख, नवरा नामांकित धनाढ्य उद्योजक आणि खुद्द अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याशी घरोबा. त्यांच्यासमोर डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभे होते दलीपसिंग सौंद. अमृतसर जिल्ह्यातल्या छज्जलवड्डी गावात १८९९ साली जन्मलेले, खतांचा व्यापार करणारे, एका लहान गावात न्यायदान करणारे. अमेरिकेचं नागरिकत्व मिळून त्यांना अजून सात वर्षंही झाली नव्हती.

सौंद जिंकले. अमेरिकी काँग्रेसवर निवडून आलेले ते पहिले आशियाई, पहिले भारतीय आणि पहिले शीख. आपल्याकडे या घटनेचा उल्लेख होतो तो अभिमानाने आणि तेवढ्यावरच थांबतो. मला ते पुरेसं वाटत नाही. ‘पहिला’ या बिरुदाखाली त्यांचं खरं कर्तृत्व झाकून जातं. सौंद यांनी ही निवडणूक १९५६ मध्ये जिंकली नाही. मत देण्याचाही अधिकार नसताना तीन दशकं त्या देशात जे राजकारण त्यांनी केलं, त्यात ती जिंकली गेली होती.

ते १९२० मध्ये अमेरिकेत उतरले तेव्हा पंजाब विद्यापीठाची गणिताची पदवी गाठीशी होती. बर्कलीला आले ते फळं-भाज्या टिकवण्याचं, डबाबंद करण्याचं शास्त्र शिकायला. मग पुन्हा गणिताकडे वळले आणि १९२४ मध्ये पीएच.डी. झाले. राहायची सोय स्टॉक्टनच्या गुरुद्वाऱ्याने विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या वसतिगृहात. अमेरिकेचा हा पश्चिम किनारा मराठी वाचकाला अगदीच परका नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे सौंद यांच्याआधी काही वर्षं याच पश्चिम किनाऱ्यावर शिकत होते, आणि इथूनच सशस्त्र उठावाच्या गदर चळवळीत गेले. पिंगळे १९१५ मध्ये लाहोरला फासावर चढले. सौंद यांनी तो मार्ग धरला नाही. बर्कलीत ते हिंदी स्वातंत्र्याच्या बाजूने सभांमधून हिरिरीने बोलत, पण त्यांचा भर लोकांचं मन वळवण्यावर होता.

शिक्षण चालू असतानाच, १९२३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड खटल्याचा निकाल दिला. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त ‘गोऱ्या’ माणसांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळू शकत होतं. थिंड यांचं म्हणणं, मानववंशशास्त्रानुसार उत्तर भारतीय हे कॉकेशियन, म्हणून आपण पात्र. न्यायालयाने सांगितलं, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात तुम्ही बसत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सुरुवात झाली. सॅन फ्रान्सिस्कोतले दुकानदार वैष्णोदास बगाई यांनी या अपमानापायी १९२८ मध्ये आत्महत्या केली. त्याच साली सौंद यांनी मारियन कोसा या चेक वंशाच्या तरुणीशी लग्न केलं. तेव्हाचा कायदा असा होता, की नागरिकत्वाला अपात्र असलेल्या परक्याशी लग्न करणारी अमेरिकी स्त्री स्वतःचंही नागरिकत्व गमावी. हे कलम १९३१ मध्ये गेलं. वर्गात हा भाग शिकवताना मी मुद्दाम थांबतो, कारण उमेदवाराची पात्रता ही गोष्ट आपण फार सहज गृहीत धरतो.

गणितातला डॉक्टर, पण परक्या रंगाच्या माणसाला प्राध्यापकी कोण देणार? सौंद १९२५ मध्ये इम्पीरियल व्हॅलीत गेले आणि कापूस वेचणाऱ्या टोळीवर मुकादम झाले. मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेलं हे खोरं समुद्रसपाटीच्याही खाली आहे. मुळात वाळवंट, उन्हाळा अंग भाजून काढणारा, आणि सगळी शेती कोलोरॅडो नदीच्या कालव्याच्या पाण्यावर. सौंद यांनी लेट्यूस लावलं, बीट लावलं, गवत लावलं. जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नव्हती. कॅलिफोर्नियाचा परकीय भूमी कायदा आडवा येई. मग खंडाची कागदपत्रं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आणि नांगर यांचा, असा व्यवहार. मंदीत लेट्यूसचे भाव कोसळले आणि ते कर्जात बुडाले. दिवाळखोरी जाहीर करून मोकळं व्हा, असा सल्ला मित्रांनी दिला. त्यांनी तो मानला नाही आणि पुढे कित्येक वर्षं खपून पै न् पै फेडली.

माझ्या मते त्यांच्या प्रचाराची सुरुवात इथे झाली. त्या खोऱ्यातले व्यापारी, बँकवाले, गोरे शेतकरी यांना हा माणूस शब्दाचा पक्का म्हणून माहीत झाला. जोडीला भाषणं होतीच. चर्चमध्ये, क्लबांमध्ये, शेतकऱ्यांच्या बैठकांमध्ये, जिथे बोलावतील तिथे जाऊन ते भारताबद्दल बोलत. कॅथरीन मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाने अमेरिकेत भारताची जी हीन छबी उभी केली होती, तिला उत्तर म्हणून स्टॉक्टनच्या गुरुद्वाऱ्याच्या पुढाकाराने त्यांनी ‘माय मदर इंडिया’ हे पुस्तक लिहिलं. ते १९३० मध्ये निघालं. श्रोत्यांमध्ये विरोधक असत, कुत्सित प्रश्न विचारणारे असत. अशा सभांमध्ये तयार झालेला वक्ता पुढे मतदारांच्या प्रश्नांना का डगमगला नाही, हे वेगळं सांगायला नको.

नागरिकत्वाचा प्रश्न मात्र भाषणांनी सुटणारा नव्हता. त्यासाठी कायदा बदलायला हवा होता. १९४२ मध्ये सौंद यांनी कॅलिफोर्नियातल्या भारतीयांना जोडून इंडिया असोसिएशन ऑफ अमेरिका उभी केली. न्यूयॉर्कचे जे. जे. सिंग आणि इतर मंडळी खासदारांच्या दारात खेटे घालत होती. अखेर २ जुलै १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी ल्यूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतातून वर्षाला जेमतेम १०० माणसांना प्रवेश, पण आधीपासून राहणाऱ्यांना नागरिकत्वाचा मार्ग खुला. १६ डिसेंबर १९४९ रोजी सौंद अमेरिकेचे नागरिक झाले. वय पन्नास.

पन्नाशीत लोक आवराआवर करायला लागतात. सौंद पुढच्याच वर्षी वेस्टमोरलँडच्या न्यायाधीशपदाच्या निवडणुकीला उभे राहिले. तिथे ही पदंही लोकांच्या मतांनी भरली जात. ते निवडून आले, पण नागरिकत्वाला निवडणुकीच्या दिवशी पुरतं वर्ष झालेलं नाही या कारणाने त्यांना पद नाकारण्यात आलं. १९५२ मध्ये ते पुन्हा उभे राहिले आणि १३ मतांनी जिंकले.

या प्रचारातला एक प्रसंग सौंद यांनी स्वतः सांगून ठेवला आहे. गावातल्या खाणावळीत भर गर्दीत एकाने त्यांना मोठ्याने विचारलं, की डॉक्टर, तुम्ही निवडून आलात तर तुमच्या कोर्टात यायला लागणारे फेटे तुम्ही पुरवणार, की आम्ही विकत आणायचे? सौंद यांनी शांतपणे सांगितलं, की माणसाच्या डोक्यावर काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, डोक्यात काय आहे तेवढं मी बघतो. खाणावळ हसली, आणि गावभर ही गोष्ट फिरली. त्यांनी स्वतः पगडी केव्हाच सोडली होती, तरी लोकांच्या नजरेतून ती उतरली नव्हती. न्यायाधीश झाल्यावर त्यांनी गावातला वेश्याव्यवसाय आणि जुगाराचे अड्डे मोडून काढले. तेव्हापासून सगळे त्यांना ‘जज्ज’ म्हणू लागले.

माझे विद्यार्थी नेमका इथे एक प्रश्न विचारतात: सर, मग १९५६ ला त्यांना तिकीट कोणी दिलं? आपल्या सवयीने हा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे तिकीट मुंबईत किंवा दिल्लीत ठरतं. अमेरिकेत पक्षाची उमेदवारीही मतदारांकडूनच जिंकावी लागते. त्या प्राथमिक फेरीला प्रायमरी म्हणतात. श्रेष्ठींच्या हातात तिकीट असतं तर १९५६ मध्ये त्यांनी ते या माणसाला दिलं असतं असं मला वाटत नाही. प्रायमरीत त्यांच्यासमोर रिव्हरसाइडमधला एक वकील होता आणि त्याने कोर्टाची पायरी चढून दावा केला, की सौंद अपात्र आहेत. राज्यघटनेनुसार प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला सात वर्षं नागरिक असावं लागतं. मतदान होतं ६ नोव्हेंबर १९५६ ला आणि सात वर्षं भरत होती १६ डिसेंबरला. शपथविधी जानेवारी १९५७ मध्ये. म्हणजे खुर्चीत बसताना सात वर्षं पूर्ण, मतदानाच्या दिवशी मात्र चाळीस दिवस कमी. दावा टिकला नाही आणि प्रायमरी सौंद यांनी जिंकली. वादाचा फायदाच झाला. ज्या रिव्हरसाइडमध्ये त्यांना फारसं कोणी ओळखत नव्हतं, तिथल्या घराघरांत त्यांचं नाव पोहोचलं.

कॉक्रन यांची उमेदवारी हलकी नव्हती. रिपब्लिकन प्रायमरीत त्यांनी पाच पुरुषांना हरवलं होतं. १९५२ मध्ये आयझेनहॉवर यांनी निवडणुकीला उभं राहावं म्हणून न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या विराट सभेची फिल्म पॅरिसला नेऊन त्यांना दाखवली, ती याच बाईंनी. प्रचारात त्या स्वतः विमान चालवत गावोगावी उतरत. पैसा त्यांच्याकडे, वृत्तपत्रं त्यांच्यामागे, अध्यक्षांची लाट त्यांच्या पक्षाची. सौंद यांच्याकडे होती घरची माणसं आणि ओळखीचे शेतकरी. बायको, मुलं, जावई, स्वयंसेवक असे सगळे दारोदार फिरले. मतदार यादीत ज्यांचं नाव नाही त्यांची नोंदणी करून घेण्यावर त्यांनी जोर दिला. ज्याला कधी काळी मतच नव्हतं, त्याला या कामाची किंमत ठाऊक असणारच. मांस भाजायच्या शेगड्या पेटवून मोकळ्यावर जेवणावळी घातल्या जात आणि तिथेच सभा होई. मुद्दे सगळे मातीतले: शेतमालाची आधारभूत किंमत, कालव्याचं पाणी, लहान शेतकऱ्याचं कर्ज. आयझेनहॉवर सरकारच्या शेती धोरणावर खोऱ्यातले शेतकरी नाराज होतेच. आपल्या रंगाबद्दल, धर्माबद्दल सौंद आपणहून बोलत नसत आणि विचारलं तर टाळतही नसत.

मतदानाच्या दिवशी आयझेनहॉवर यांनी कॅलिफोर्निया राज्य सहज जिंकलं. तरी याच मतदारसंघात सौंद सुमारे तीन हजार मतांनी निवडून आले. म्हणजे हजारो लोकांनी वर रिपब्लिकन अध्यक्षाला मत दिलं आणि त्याच मतपत्रिकेवर खाली डेमोक्रॅटिक पक्षाच्या या पंजाबी न्यायाधीशाला. या मतदारसंघात भारतीयांची मतं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जातभाईंच्या गठ्ठ्याचा आधार नसताना झालेला हा विजय आहे, आणि निवडणुकांचा अभ्यासक म्हणून मला त्याचं मोल सर्वांत जास्त वाटतं ते याच कारणाने.

वॉशिंग्टनमध्ये नवख्या सदस्याला सहसा न मिळणारी परराष्ट्र व्यवहार समिती त्यांना पहिल्याच वर्षी मिळाली. १९५७ च्या अखेरीस ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. दिल्लीत त्यांनी आपल्या खासदारांसमोर भाषण केलं आणि छज्जलवड्डीलाही जाऊन आले. शीतयुद्धाच्या दिवसांत अमेरिकेला असा माणूस जगाला दाखवायला हवाच होता. सौंद यांना ते कळत होतं, आणि आपली निवड हा अमेरिकी लोकशाहीचा पुरावा आहे असं ते मनापासून सांगत. दक्षिणेत काळ्या लोकांना मतदान करू दिलं जात नव्हतं त्या काळात त्यांनी १९५७ च्या नागरी हक्क कायद्याच्या बाजूने मत दिलं.

मी त्यांचा चाहता आहे, पण एका ठिकाणी माझं त्यांच्याशी जमत नाही. मेक्सिकोतून हंगामी मजूर आणण्याच्या ब्रासेरो योजनेच्या प्रश्नात ते मळेवाल्यांच्या बाजूने राहिले. एकेकाळी स्वतः परका म्हणून त्याच रानांत राबलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा निराळी होती. मतदारसंघ सांभाळणं ही लोकप्रतिनिधीची गरज असते हे मी रोज शिकवतो. इथे ती पटवून घेणं मला जड जातं. याउलट परकीय मदतीच्या बाबतीत त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या अध्यक्षालाही जुमानलं नाही. १९६१ मध्ये केनेडींना दीर्घ मुदतीच्या विकासमदतीसाठी दरवर्षी काँग्रेसकडे न येता तिजोरीतून थेट कर्ज उचलण्याची मुभा हवी होती. ती काढून टाकणारी दुरुस्ती सौंद यांनी मांडली आणि सभागृहाने ती मान्य केली. पैशाची दोरी लोकप्रतिनिधींच्याच हातात राहावी, आणि मदत राज्यकर्त्यांच्या महालात न जिरता गरिबाच्या गावापर्यंत जावी, हा त्यांचा सातत्याचा आग्रह होता.

१९५८ आणि १९६० या दोन्ही निवडणुका त्यांनी पहिलीपेक्षा मोठ्या फरकाने जिंकल्या. प्रतिनिधिगृहाची मुदत दोनच वर्षांची, त्यामुळे एक प्रचार संपतो न संपतो तोच दुसरा सुरू होतो. मे १९६२ मध्ये वॉशिंग्टनला जाताना विमानातच त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि वाचा गेली. जूनची प्रायमरी त्यांनी रुग्णालयात असताना जिंकली. नोव्हेंबरमध्ये, सीमा बदललेल्या मतदारसंघात, रिपब्लिकन पॅट मार्टिन यांनी त्यांना हरवलं. १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं.

पुढे भारतीय वंशाच्या माणसाने काँग्रेसमध्ये पाऊल ठेवायला २००५ साल उजाडलं. लुइझियानाचे बॉबी जिंदाल, मग २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाचे अमी बेरा, त्यांच्यामागून इतर. जानेवारी २०२३ मध्ये मिशिगनमधून बेळगावचे श्री ठाणेदार आले. मराठी घरातल्या माणसाने त्या सभागृहात बसावं ही आपल्या वाचकांना आनंदाची गोष्ट वाटणं साहजिक आहे. या सगळ्यांना १९६५ च्या स्थलांतर कायद्याने वाढलेला, शिकलेला, कमावता भारतीय समाज पाठीशी होता किंवा स्वतःचा पैसा हाताशी होता. सौंद यांच्याकडे यांपैकी काहीच नव्हतं. टेमेक्युला इथल्या टपाल कार्यालयाला त्यांचं नाव दिलं गेलं, २००७ मध्ये काँग्रेसच्या इमारतीत त्यांचं तैलचित्र लागलं. कॅलिफोर्नियात शीख शेतकऱ्यांची आता पाचवी पिढी नांदते आहे, आणि तरीही सौंद यांच्यानंतर एकही शीख अद्याप प्रतिनिधिगृहात पोहोचलेला नाही.