जमखान्यावरची जागा

आमच्या म्हैसूरच्या चामराजपुरममधल्या घरात नवलगुंदचा मोठा जमखाना होता. धारवाडकडच्या बायका उभ्या मागावर विणतात तसला, आजीच्या माहेरचा. रात्री मधल्या खोलीत तो अंथरला की आम्ही भावंडं ओळीनं झोपायचो: सख्खी, चुलत, शिकायला आलेली मावसबहीण. कडेला आजी. अंधारात भीती वाटली तर हात लांबवला की माणूस लागायचं.

त्या ओळीत सगळ्यांची जागा मात्र सारखी नव्हती. नवऱ्यामागे माहेरी परतलेल्या आत्याची मुलं दाराशी, वाऱ्याच्या झोतात झोपायची. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती आपणहून तिथं जायची. याचा अर्थ मला आई झाल्यावर उमगला आणि तो अजून सलतो.

पुढं घराच्या वाटण्या झाल्या, जमखाना माझ्याकडे आला. माझ्या दोन मुलांसाठी तो दुमडून अंथरावा लागे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकाचा एकूण जननदर १.७ निघाला, म्हणजे सख्खं भावंड असलंच तर बहुधा एखादंच, मग चुलत-मावसांची ओळ कुठून येणार? जुनी बैठी घरं जाऊन फ्लॅट उभे राहिले. आमच्या गल्लीत आता एका मुलाचे आईवडील बंगळूरला नोकरी करतात आणि शनिवारी येतात. तोवर तो आजीआजोबांचा. एकीचा आठवडा आईच्या आणि वडिलांच्या घरात वाटलेला. माझ्या नातीला तिची आई एकटी वाढवते. दोघी माझ्याकडेच राहतात.

कायदा या घरांपर्यंत पोचला आहे. अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली दिला. २०१६च्या डिसेंबरपासून पासपोर्टच्या अर्जात आई किंवा वडील, एकाचंच नाव पुरतं. तरी हळदीकुंकवाला आलेली एखादी बाई नातीला जवळ घेऊन विचारते, "बाबा कुठे असतात गं?" पोर माझ्याकडे बघते. त्या नजरेत मला आत्याची मुलं दिसतात.

माणसं किती, यावर मुलाचं घर पुरं की अपुरं ठरत नाही. हाकेला ओ देणारं एक माणूस आणि कुणाच्या उपकाराची नाही अशी हक्काची जागा, एवढं मुलाला पुरतं. पहिलं आई देते, आजी देते. दुसरं मात्र शेजारपाजार, शाळा, नातेवाईक, आपण सगळ्यांनी मिळून द्यायचं असतं.