तिसरी तार

परवा नातवाने मला गिटारसमोर बसवलं आणि म्हणाला, "आजी, आज तू परीक्षक. कुठल्या तारा चांगल्या ते सांग." जन्मभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, आता ही माझी!

गिटार फ्लामेंकोची. दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाचं हे संगीत. त्यात गाणं, नाच आणि गिटार एकत्र नांदतात. नाचणारीच्या टाचांचा कडकडाट चालू असताना गिटारला त्यातून वर यावं लागतं, म्हणून तिचा आवाज कोरडा, ठसठशीत आणि चटकन विझणारा हवा. पुढच्या महिन्यात याला एका नाचाला साथ करायची आहे, तेव्हा तारांचा निकाल लागणं भाग होतं. खर्जाच्या तीन तारांना धातूचं वेटोळं असतं, त्यांचा वाद नाही. वाद वरच्या तिघींचा.

पूर्वी या तारा आतड्याच्या असत. आपल्याकडे सारंगीला लावतात ती तात, तसलीच. रामोन मोंतोयाने १९३६ साली पॅरिसमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण नातवाने ऐकवलं, ते त्या काळातलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात तात जखमा शिवायला जाऊ लागली आणि वादकांना मिळेनाशी झाली. मग न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा केल्या, सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या. (सेगोव्हिया फ्लामेंकोवाला नव्हे, पण तारा सगळ्यांनीच घेतल्या.)

आता 'कार्बन'च्या तारा आल्या आहेत. नाव फसवं आहे. हे फ्लुरोकार्बन नावाचं प्लास्टिक, मासे धरायच्या गळाला वापरतात ते. नायलॉनपेक्षा दीडपटीहून जड, त्यामुळे तोच स्वर, तोच ताण ठेवायचा तर तार बारीक चालते. नायलॉनची तिसरी तार साधारण एक मिलिमीटर जाड असते, कार्बनची पाऊण मिलिमीटरहून जराशी जास्त. बारीक तार लवचिक, म्हणून तिच्यात वरचे सूक्ष्म स्वर जास्त टिकतात. शिवाय ती पावसाळी हवेत ओल धरत नाही. नायलॉन धरतं, आणि जुलैत याचा निम्मा वेळ खुंट्या पिळण्यात जातो.

तर शनिवारी त्याने नायलॉनवर एक सोलेआ वाजवली आणि तारा बदलून मंगळवारी तीच पुन्हा. मी ताबडतोब म्हणाले, "कार्बन! काय स्वच्छ आहे!" त्याचा चेहरा पडला. म्हणे पहिली तार आता काचेसारखी बोचते, नायलॉनचा गोलावा गेला. त्याच्या गुरूंचंही हेच मत.

मला बोचत नव्हती. का, ते रात्री अंथरुणावर लक्षात आलं. वरच्या पट्टीतलं मला कमी ऐकू येतं, हे कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून केव्हाच दाखवलं होतं. कानाचं मशीन आहे, पण ते कुरकुरतं म्हणून मी डबीत ठेवते. म्हणजे त्याला जे बोचतं तेवढंच मला जेमतेम पोचत होतं. आणि दोन वर्षं मी त्याच्या त्या वेगवान तानांना "वा!" म्हणत आले, ते बोटं पळताना बघून. स्वर येत होते, त्यांची धार नव्हती येत. उत्तरपत्रिका न वाचता गुण दिल्यासारखं झालं हे. फार ओशाळवाणं वाटलं.

सकाळी त्याला सांगून टाकलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि तिसरी तार?"

तिसरीबद्दल मात्र मला शंका नव्हती. तिचा स्वर खालचा, तो मला अजून नीट येतो. नायलॉनची तिसरी मडक्यावर थाप मारल्यासारखी बद्द वाजते, कार्बनची मोकळी बोलते. यावर त्याचंही दुमत नव्हतं. शेवटी पहिल्या दोन नायलॉनच्या आणि तिसरी कार्बनची, असं ठरलं. असं मिश्रण बरेच वादक करतात म्हणे.

"आता सोलेआ परत वाजवतो," तो म्हणाला, "आधी डबी आण."

मी डबी आणायला उठले.