वारा आडवा नसतो

मृग लागला की आमच्या पठारावरच्या वाऱ्याचा स्वभाव बदलतो. वैशाखातला वारा भटका. दुपारी कुठूनही येतो, नांगरटीची धूळ उचलतो, वावटळ होऊन दोन शेतं ओलांडतो आणि विरून जातो. मृगाचा वारा नैर्ऋत्येकडून येतो आणि येतच राहतो. त्याच्या मागोमाग पाऊस आहे, म्हणून सगळं गाव आभाळाकडे बघत असतं. विमान उडवायला शिकत होते त्या वर्षी मी मात्र धावपट्टीच्या कडेला फडफडणाऱ्या नारिंगी विंडसॉककडे बघत होते. सकाळी तो काठीला चिकटून लोंबत असला तर दिवस सोपा. पट्टीला तिरका, ताठ उभा असला की पोटात खड्डा पडायचा.

आमची धावपट्टी पूर्व-पश्चिम. पश्चिमेकडे तोंड करून धावायचं तर तिचं नाव सत्तावीस. होकायंत्रावरचे 270 अंश, शेवटचं शून्य गाळून. रेडिओवर वारा सांगितला जायचा, 220 अंश, 12 नॉट. म्हणजे पट्टीच्या दिशेत आणि वाऱ्यात 50 अंशांचा फरक. इतक्या कोनात वाऱ्याचा साधारण तीनचतुर्थांश हिस्सा आडवा येतो, बारापैकी नऊ. सेसना 152 च्या पुस्तिकेत आडव्या वाऱ्यासाठी 12 नॉटांचा आकडा दिलेला आहे, ताशी सुमारे 22 किलोमीटर. चाचणी घेणाऱ्या वैमानिकाने हे विमान एवढ्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, इतकाच त्याचा अर्थ. शिकणाऱ्याचा आकडा त्याहून बराच लहान असतो आणि तो कुठल्याच पुस्तिकेत छापलेला नसतो.

वाऱ्याकडे बघायला मला सगळ्यात आधी आजीने शिकवलं होतं. ज्वारीची मळणी झाली की खळ्यात उफणणी चालायची. आजी तिवईवर चढायची, मूठभर भुसा हवेत सोडायची आणि तो कुठे जातो ते बघायची. मगच पाटी खांद्याच्या वर जायची. दाणा पायाशी पडायचा, भुसा पलीकडे उडायचा. मध्येच वारा फिरला की ती खाली उतरायची आणि म्हणायची, "वारं फिरलं पोरी, तिवई तिकडं घे." मी तिवई ओढत न्यायची. खळं गोल असतं. त्याला ना पुढची बाजू, ना मागची. वारा जिथून येईल तिथून काम सुरू होतं.

विमानतळही आधी असेच होते. मोकळी गवताळ मैदानं, बरीचशी ऐसपैस. वैमानिक वाऱ्याची दिशा बघायचा, त्याच्याकडे तोंड करायचा आणि धावत सुटायचा. 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंनी किटी हॉकजवळच्या वाळूवर जो रूळ मांडला, तोही वाऱ्याच्या तोंडावरच. समोरून येणारा वारा पंखांना फुकटचा वेग देतो. पुढे विमानं जड झाली, त्यांना पक्की जमीन लागू लागली, आणि पक्की जमीन सगळ्या दिशांना करता येत नाही. म्हणून वर्षभरातले वारे मोजून एक दिशा निवडायची आणि तिथे डांबराची रेघ ओढायची अशी पद्धत पडली. निदान शंभरातल्या 95 वेळा आडव्या वाऱ्यामुळे पट्टी बंद ठेवावी लागू नये, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पण तेव्हापासून वैमानिकांच्या तोंडी वाऱ्याचं एक नाव बसलं, क्रॉसविंड, आडवा वारा.

हे नाव मला नेहमी वाऱ्यावर अन्याय करणारं वाटतं. तो अरबी समुद्रावरून निघतो, सह्याद्री चढतो आणि आपल्या वाटेने येतो. आडवी असते ती आपण ओढलेली रेघ. हे उमगल्यावर भीती गेली नाही, पण राग गेला. वाऱ्यावर रागावलेल्या माणसाच्या मुठी योकवर, विमान वळवायच्या चाकावर, आवळल्या जातात, आणि आवळलेल्या हाताला विमान काय सांगतंय ते कळत नाही.

मला उड्डाण शिकवणाऱ्या सरांनी सुरुवात जमिनीवर केली. "योक पूर्ण डावीकडे. वारा डावीकडून आहे ना? मग तो पंख त्याच्या हातात देऊ नकोस." थ्रॉटल पुढे गेला की विमानाचं नाक वाऱ्याकडे वळू बघतं, देवळाच्या शिखरावरच्या पताकेसारखं, कारण शेपटीच्या उभ्या पृष्ठभागावर वारा रेटत असतो. आमच्या इंजिनाचा पंखाही नाक डावीकडेच ओढणारा. म्हणून उजवा पाय रडरवर अधिक दाबायचा. वेग वाढेल तसा एलरॉनला, पंखांच्या कडेवरच्या हलत्या पट्ट्यांना, जोर येतो, तसतसा योक हळूहळू मधे आणायचा, पण पूर्ण नाही. चाकं उचलायची ती एकदाच आणि ठामपणे. अर्धवट उचललेलं विमान वाऱ्याने बाजूला सरकतं आणि तिरकंच पुन्हा जमिनीवर आदळतं. एकदा जमीन सुटली की नाक वाऱ्याकडे वळू द्यायचं आणि पंख समतल करायचे. आता विमान एकीकडे बघतं आणि दुसरीकडे जातं.

या चालीला क्रॅब म्हणतात, खेकड्याची चाल. पुराच्या पाण्यात समोरचा घाट गाठायचा तर नावाडी होडीचं तोंड घाटाकडे धरत नाही. प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, आणि होडी बरोबर घाटावर लागते. उतरताना आमचा वेग 60 नॉट, आडवा वारा 9 नॉट. नाक साधारण नऊ अंश डावीकडे ठेवावं लागायचं. धावपट्टी समोर नाही, काचेच्या उजव्या भागात दिसायची, सरांच्या बाजूला. डोळे म्हणायचे, आपण चुकतोय. जमीन मात्र सांगत असायची की सेंटरलाइन जागेवर आहे. बेस लेगवर, पट्टीसमोर येण्याआधीच्या आडव्या टप्प्यावर, तर वारा पाठीशी असायचा. तिथून फायनलचं, म्हणजे पट्टीकडे सरळ उतरण्याच्या शेवटच्या टप्प्याचं, वळण जरा उशिरा घेतलं की विमान रेघ ओलांडून उत्तरेला निघून जायचं. मग ती चूक झाकायला वळण आणखी आवळावंसं वाटतं, आणि कमी वेगात, कमी उंचीवर ते करणं जिवावर बेतू शकतं. सर शांतपणे म्हणायचे, "सोड. फिरून ये." फिरून येण्यात कमीपणा नाही, हे मला पटायला बरेच दिवस लागले.

खरी परीक्षा शेवटच्या काही सेकंदांची. तिरक्या नाकाने चाकं टेकवली तर सगळा भार चाकांवर आडवा येतो. म्हणून जमीन जवळ आली की उजव्या पायाने नाक सरळ करायचं. नाक सरळ झालं की वारा विमानाला उजवीकडे सरकवू लागतो, त्याला उत्तर म्हणून डावा पंख त्याच्याकडे झुकवायचा. हात डावीकडे सांगतात, पाय उजवीकडे, आणि त्या दोन उलट सांगण्यांतून विमान सरळ रेघेवर येतं. पाऊण टनाचं ते यंत्र एका अंगावर कललेलं असतं, आणि आधी टेकतं ते एकच चाक, वाऱ्याकडचं. दोन्ही चाकं एकदम टेकावीत हा माझा हट्ट होता. तो सोडल्यावर उतरणं जमू लागलं.

एकदा असंच डावं चाक अलगद टेकलं, मग उजवं, मग पुढचं. इतका आनंद झाला की मी हात सैल सोडला. त्याच क्षणी झोत आला, डावा पंख उचलला गेला आणि विमान पट्टीच्या कडेकडे ओढलं गेलं. "आय हॅव कंट्रोल," सर म्हणाले, आणि योक त्यांच्या हातात गेला. इंजिन बंद होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तू उतरलीस, पण वारा अजून वाहतोय."

त्या रात्री मला किटी हॉकचा उत्तरार्ध आठवला. पहिलं उड्डाण 12 सेकंदांचं, अंतर 36 मीटरच्या थोडं वर. त्या दिवशी चार उड्डाणं झाली. चौथ्यानंतर विमान जमिनीवर उभं होतं, माणसं बाजूला गप्पा मारत होती, आणि वाऱ्याच्या एका झोताने ते उलटंपालटं केलं. पुन्हा ते कधी उडालं नाही. आकाशाने ज्याला काही केलं नाही, त्याचा जमिनीवर चुराडा झाला. उड्डाण चाकं टेकल्यावर संपत नाही, हा धडा विमानविद्येच्या पहिल्याच दिवशी लिहिला गेला होता. चाकं टेकल्यावर वेग उतरतो तसा एलरॉनचा जोर कमी होतो, म्हणून योक सोडायचा नसतो, उलट अधिकाधिक डावीकडे नेत शेवटी पूर्ण वळवायचा असतो. मागे फिरून पूर्वेकडे निघालं की वारा मागच्या उजव्या अंगाने येतो. आता योक डावीकडे आणि पुढे. जमिनीवरचं प्रत्येक वळण म्हणजे वाऱ्याशी नवं नातं.

आषाढाच्या तोंडाशी एका सकाळी ढग उंच होते आणि वारा नऊ-दहा नॉटांवर उतरला होता. सर विमानातून उतरले, दार लावून घेतलं आणि हाताने खूण केली. माझ्या उजवीकडची जागा रिकामी. फायनलवर पट्टी त्याच रिकाम्या जागेच्या बाजूला दिसत होती. उजवा पाय, डावा पंख. एक चाक टेकलं. क्षणभर मी अर्धी जमिनीवर, अर्धी हवेत होते. मग दुसरं, मग तिसरं. या वेळी हात सैल झाला नाही.

हँगरसमोर विमानाचं तोंड वाऱ्याकडे करून मी इंजिन बंद केलं. चाकांना अडण्या लावल्या. विंडसॉक अजूनही तसाच तिरका, ताठ होता. खाली वाकून मूठभर सुकं गवत उचललं आणि सोडून बघितलं. वारा किंचित डावीकडे सरकला होता. त्या अंगाच्या पंखाची दोरी मी आधी बांधली.