स्टेअरिंग हाती देण्याआधी

सिन्नरजवळ मुसळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमचा घरचा ट्रान्सपोर्टचा व्यवसाय आहे. गाड्या सासऱ्यांनी एकेक करून उभ्या केल्या, रस्त्यावरचं सगळं दीर बघतात आणि ऑफिस माझ्याकडे आहे. बिल्ट्या, डिझेलचा हिशेब, भत्ते, इन्शुरन्सच्या तारखा हे रोजचंच. पण नवा ड्रायव्हर ठेवायचा की नाही, हे ठरवण्याचं काम मला सगळ्यात जोखमीचं वाटतं. मुसळगाव आणि माळेगावच्या कारखान्यांतला माल संध्याकाळी भरला जातो. रात्री गाडी संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव करत चाकणला जाते. त्या वाटेवर ड्रायव्हरच्या शेजारी मालक नसतो. गाडीचं आणि मालाचं नुकसान विम्यातून भरून निघेल. समोरून दुचाकीवर येणारा माणूस कशातूनच भरून निघत नाही.

आमच्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. 13 जानेवारी 2023 ला पहाटे सिन्नर-शिर्डी रस्त्यावर पाथऱ्याजवळ साईभक्तांची खासगी बस आणि ट्रक यांची धडक झाली. 10 जणांचा जीव गेला. त्याआधी जेमतेम तीन महिने, 8 ऑक्टोबर 2022 ला, नाशिकच्या औरंगाबाद रोडवर खासगी बस अपघातानंतर पेटली आणि 12 जण दगावले. पुढे मे 2023 मध्ये समृद्धी महामार्गाचा शिर्डी ते भरवीर हा 80 किलोमीटरचा टप्पा खुला झाला आणि आमच्या दारातून वेगाचा रस्ता गेला. तेव्हापासून भरतीच्या बाबतीत मी कोणाची ओळख, कोणाचा शब्द यावर विसंबत नाही. ‘आपल्या गावचा पोरगा आहे, डोळे झाकून ठेवा,’ असं सांगणाऱ्यालाही मी चहा देते आणि पोराला लायसन्स घेऊन पाठवा म्हणते.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यातलं कलम 5 थेट मालकाला बांधतं: त्या वर्गाच्या गाडीचं लायसन्स नसलेल्या माणसाला गाडी चालवू द्यायची नाही. दिली, तर कलम 180 खाली 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. व्यावसायिक गाडीसाठी ड्रायव्हरचं वय किमान 20 लागतं. ट्रान्सपोर्टचं लायसन्स 5 वर्षांसाठी मिळतं. पूर्वी मुदत संपल्यावरही 30 दिवस ते चालायचं. 2019 च्या दुरुस्तीत ती सवलत गेली. त्यामुळे ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी गाड्यांच्या पासिंगच्या तारखांबरोबर ड्रायव्हरांच्या लायसन्सच्या तारखाही लिहिते आणि दोन महिने आधीच त्यांच्या मागे लागते.

लायसन्स हातात आलं की मी ते उलटसुलट करून बघत बसत नाही. कार्ड हुबेहूब छापणारे पुष्कळ आहेत. नंबराचे पहिले आकडे तेवढे वाचते: एमएच-15 म्हणजे नाशिक, एमएच-17 म्हणजे श्रीरामपूर, एमएच-41 म्हणजे मालेगाव, त्यापुढे वर्ष. मग ‘सारथी’च्या संकेतस्थळावर लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकते. ट्रान्सपोर्ट आणि नॉन-ट्रान्सपोर्ट यांच्या मुदती तिथे वेगवेगळ्या दिसतात, कोणत्या वर्गाची गाडी चालवायची परवानगी आहे तेही दिसतं. हे सगळं मी ड्रायव्हरला शेजारी खुर्ची देऊन, स्क्रीन त्याच्याकडे वळवून करते. त्याच्या पाठीमागे काही शोधत नाही.

असाच एक तरुण मुलगा आला होता. शेजारच्या जिल्ह्यातला, अंगात चुणूक असलेला. कार्डावर ट्रान्सपोर्टची नोंद स्वच्छ छापलेली होती. सारथीवर त्याच नंबराखाली मोटरसायकल आणि हलकं वाहन एवढंच आलं. मी पुन्हा नंबर टाकला, त्याला वाचायला लावला. तो स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, “वहिनी, एजंटानं साडेआठ हजार घेतले माझ्याकडून. आईनं बचत गटातून उचलून दिले होते.” त्याच्या आवाजावरून मला तरी तो खरंच बोलत असल्याचं जाणवलं. त्याला त्या दिवशी गाडी देणं शक्यच नव्हतं. पण हाकलूनही दिलं नाही. हे कार्ड पुन्हा कोणत्या मालकाला दाखवू नकोस, पोलिसांनी धरलं तर एजंट सापडणार नाही, तू सापडशील, हे समजावलं. हलक्या वाहनाचं लायसन्स निघून वर्ष झालेलं असलं की ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करता येतो. त्याचं वर्ष कधीच भरलं होतं. म्हणजे सरळ मार्ग मोकळा असताना त्याला आडमार्गाने नेलं गेलं होतं. त्याला आम्ही लोडिंगवर घेतलं. रीतसर ट्रेनिंग, टेस्ट असं सगळं करून आज तो आमचीच आयशर चालवतो.

नोंद सापडली नाही म्हणजे लायसन्स खोटं, असंही लगेच म्हणू नये. संगणक येण्यापूर्वीची पुस्तिका असलेले जुने ड्रायव्हर अजून आहेत. त्यांची नोंद मूळ आरटीओतून चढवून घ्यावी लागते. आमच्याकडे आलेल्या एका काकांना त्यासाठी गावी जायचं होतं. त्यांना जाण्यायेण्याचं भाडं दिलं आणि काम राखून ठेवलं. नोंद चढली, काका रुजू झाले. तीस वर्षं चोख गाडी चालवलेल्या माणसाला एका रिकाम्या स्क्रीनवरून लबाड ठरवणं मला मान्य नाही.

मालकांमध्ये एक भीती कायम बोलली जाते: लायसन्स खोटं निघालं तर विमा कंपनी हात वर करेल. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये स्वर्ण सिंग खटल्यात यावर स्पष्ट निकाल दिलेला आहे. लायसन्स खोटं निघालं एवढ्यावरून कंपनी मालकाविरुद्ध सुटत नाही. मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. त्याआधीच्या वर्षी लेहरू खटल्यात न्यायालयाने हेही म्हटलं होतं, की मालकाने लायसन्स बघावं, माणसाला गाडी नीट येते का ते बघावं. देशभरातल्या आरटीओंत चौकशी करत फिरण्याची अपेक्षा नाही. तेव्हा ते खरंच अशक्य होतं. आज मात्र दोन मिनिटांत मोबाइलवर कळतं. म्हणून मी स्क्रीनची प्रत तारखेसह काढून ड्रायव्हरच्या फायलीत लावते. ट्रायल कोणी, कधी, कोणत्या गाडीवर घेतली, तेही लिहून ठेवते. दीर त्याला मोहदरी घाटातून नाशिकच्या बाजूला नेऊन आणतात. उतारावर तो गाडी गिअरवर ठेवतो की नुसता ब्रेक दाबत जातो, यावरून त्यांना काय समजायचं ते समजतं.

छोट्या टेम्पोच्या बाबतीत बरीच वर्षं गोंधळ होता. 6 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळी नोंद लागत नाही. इथे गाडीच्या नावावर जाऊन चालत नाही. आपल्याकडे सगळ्यांनाच ‘आयशर’ म्हणतात, पण त्यात या मर्यादेच्या आतल्या गाड्या आहेत आणि बाहेरच्याही. मी आरसीवरचा एकूण वजनाचा आकडा बघते आणि मगच कोणती गाडी कोणाला, ते ठरवते. ज्वालाग्राही किंवा विषारी माल असेल तर वेगळं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद हवीच. ती नसलेला ड्रायव्हर कितीही जुना असो, त्या मालाच्या गाडीवर मी पाठवत नाही.

डोळ्यांचं तसंच. ट्रान्सपोर्टच्या लायसन्ससाठी डॉक्टरकडून नमुना 1-अ भरून घ्यावा लागतो. त्यात चांगल्या उजेडात 25 मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, असे प्रश्न असतात. अनेक ठिकाणी हा कागद माणसाकडे न बघताच भरला जातो. आमच्या गेटबाहेर रस्त्यापलीकडे गाड्या उभ्या असतात. मी नव्या माणसाला गेटात उभं करून समोरच्या गाडीचा नंबर वाचायला सांगते. एका मामांना तो वाचता आला नाही. अंदाजाने दोन आकडे सांगितले आणि गप्प झाले. तपासणीत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी परवानगी दिली, मग ते पुन्हा स्टेअरिंगवर बसले. रात्री समोरच्या दिव्यांचा फुलोरा होतो, हे ते कित्येक महिने कोणाला सांगत नव्हते. नोकरी जाईल म्हणून.

आता पोलिस पडताळणी. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज होतो आणि चौकशी ड्रायव्हर राहतो त्या पोलिस ठाण्याकडून होते. शाळेच्या बसवर नेमायच्या माणसाबाबत नियम सगळ्यात कडक. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्येच सांगितलं होतं, की शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला जड वाहनाचा किमान 5 वर्षांचा अनुभव हवा, आणि अतिवेग किंवा दारू पिऊन चालवण्याबद्दल ज्याच्यावर एकदा जरी कारवाई झाली असेल, त्याला ठेवू नये. आमच्या गाड्या मालाच्या. तरी पडताळणी मी सगळ्यांचीच करून घेते. अर्जाचा खर्च ऑफिसचा, त्यात गेलेल्या दिवसाची हजेरीही ऑफिसची.

पण पोलिसांकडे नोंद आहे, एवढ्यावर माणूस बाद करायचा का, हा प्रश्न मला एका ड्रायव्हरने शिकवला. अर्ज भरतानाच तो म्हणाला, “वहिनी, आधीच सांगतो. माझ्यावर तीनशेचार-अची केस आहे.” हलगर्जीपणाने मृत्यूचं ते जुनं कलम, जुलै 2024 पासून नव्या संहितेत ते 106 झालं. रात्री बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यात उभी होती, पाऊस होता, त्याच्या गाडीतला किन्नर, म्हणजे क्लीनर, गेला. खटला चालू होता. मी त्याच्या आधीच्या मालकाला फोन केला, वकिलाचे कागद बघितले, तारखा लिहून घेतल्या. दारूचा संबंध नव्हता, जखमीला टाकून तो पळाला नव्हता. त्याला ठेवलं आणि कोर्टाच्या तारखेला सुट्टी पगारी धरली. दुसरा एक जण मात्र असा आला, की सगळे कागद नीट, आणि आधीच्या तिन्ही मालकांची नावं सांगायला तयार नाही. त्याला नम्रपणे नाही म्हटलं. खटला आणि शिक्षा यांत फरक आहे, आणि सांगितलेल्या व लपवलेल्या गोष्टीतही. हा फरक करायला वेळ लागतो. तो वेळ काढणं हे मालकाचंच काम आहे.

या सगळ्यात सर्वांत मोठा बदल घडवला तो एका वयस्कर ड्रायव्हरने. त्याचं लायसन्स बघून झालं, ट्रायल झाली, पगार ठरला. मी रजिस्टर पुढे केलं, तर त्याने पेन घेतलं नाही. “वहिनी, माझे कागद बघितले. आता गाडीचे दाखवा.” फिटनेस, इन्शुरन्स, परमिट, पीयूसी, त्याने चष्मा लावून एकेक तारीख वाचली. मग अंगणात जाऊन मागच्या चाकांचे टायर हाताने चाचपले आणि एक बदलायला सांगितला. तो म्हणाला, आधीच्या एका मालकाकडे विमा संपलेली गाडी त्याला चालवायला दिली होती. अपघात झाल्यावर पहिली रात्र कोठडीत त्याने काढली, मालकाने फोन उचलला नाही. आम्ही टायर त्याच दिवशी बदलला. तेव्हापासून आमच्या रजिस्टरमध्ये समोरासमोर दोन पानं असतात: डावीकडे ड्रायव्हरची कागदपत्रं, उजवीकडे गाडीची, आणि खाली ड्रायव्हर आणि मालक, दोघांच्याही सह्या.

एक प्रथा तर मला मुळीच सहन होत नाही. काही ठिकाणी पडताळणीच्या नावाखाली ड्रायव्हरचं मूळ लायसन्स मालक कपाटात ठेवून घेतात, म्हणजे तो दुसरीकडे जाणार नाही. हा माणसाला डांबून ठेवण्याचाच प्रकार झाला. आम्ही मूळ कागद त्याच भेटीत परत देतो. झेरॉक्सवर ‘फक्त नोकरीच्या पडताळणीसाठी’ असं तारखेसह आडवं लिहून घेतो आणि माणूस सोडून गेला की आधारची प्रत परत करतो.

मुसळगाव आणि माळेगावमध्ये आमच्यासारखे मालक पुष्कळ आहेत, आणि ड्रायव्हर एका गेटमधून दुसऱ्या गेटमध्ये जात असतात. एका मालकाने नियम पाळून रस्ता सुरक्षित होत नाही. म्हणून मालकांच्या बैठकीत मी एवढंच मांडते: लायसन्स ड्रायव्हरच्या समोर तपासा, पडताळणीचा खर्च आणि त्या दिवसाची हजेरी द्या, मूळ कागद ठेवून घेऊ नका, ड्रायव्हरच्या नव्या मालकाचा फोन आला तर खरं तेच सांगा, आणि गाडीचे कागद ड्रायव्हरला वाचायला द्या. यातली एकही गोष्ट महाग नाही. चाकणच्या एका फेरीच्या भाड्यातून एका ड्रायव्हरचं सगळं होऊन जातं.