मियागीचं पदक

'द कराटे किड' (१९८४) म्हटलं की पोरांना डॅनियलची शेवटची किक आठवते. मला मियागी आठवतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेसाठी लढून त्याने शौर्यपदक मिळवलं. तिकडे त्याची बायको आणि बाळ मान्झानारच्या छावणीत बाळंतपणात गेले. दोष एकच, जपानी वंशात जन्म.

मियागी काल्पनिक, छावण्या खऱ्या. १९४२ पासून सुमारे १,२०,००० माणसं डांबली गेली. मियागी साकारणारा पॅट मोरिटाही लहानपणी त्यांतच होता.

पलटणीत रक्त सांडूनही जातीमुळे ज्यांची भरती बंद झाली, त्या महार सैनिकांच्या वारसांना हे वेगळं सांगायला नको. एकट्याच्या पदकाने छावणीचं दार उघडत नाही. १९८८ साली अमेरिकेने माफी मागून भरपाई दिली, ती संघटित लढ्यामुळे.

मित्रांनो, किक जरूर शिका; पण संघटनाही बांधा. जय भीम!